सूक्ष्मजीवशास्त्रातल्या संज्ञा, वर्गीकरणापासून विषाणू आणि प्रतिजैविकांपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक, अकरावी-बारावीचे आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. दुसरे, लघवीच्या किंवा थुंकीच्या तपासणीचा रिपोर्ट हातात घेऊन ‘यात काय लिहिलंय?’ असं विचारणारे. दोघांनाही एक गोष्ट आधी समजली की पुढचं सोपं जातं: सूक्ष्मजीव कोणत्या गटातला आहे आणि त्याची घडण कशी आहे, यावरून त्याच्यावर कोणतं औषध चालणार हे ठरतं. वर्गीकरणाचा धडा पाठांतराचा समजून बाजूला ठेवला तर औषधांचा धडा कधीच नीट कळत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

सूक्ष्मजीव नेमकं कोणाला म्हणायचं?

जे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, ज्यांच्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो, ते. जीवाणू, आर्किया, आदिजीव, कवकं, सूक्ष्म शैवालं हे सगळे यात येतात आणि विषाणूंचा अभ्यासही याच शास्त्रात होतो. मात्र हा रक्ताच्या नात्याचा गट नाही. केवळ आकार लहान म्हणून ही मंडळी एकत्र बसवलेली आहेत. अमीबा हा जीवाणूपेक्षा माणसाला कितीतरी जवळचा आहे आणि औषध निवडताना हे नातं फार महत्त्वाचं ठरतं.

मापं लक्षात ठेवा. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे मायक्रोमीटर. बहुतेक जीवाणू १ ते ५ मायक्रोमीटर लांब असतात. मायक्रोमीटरचे पुन्हा हजार भाग केले की नॅनोमीटर. बहुतेक विषाणू २० ते ३०० नॅनोमीटरच्या दरम्यान असतात. अपवादही आहेत. कॅरिबियन भागातल्या ग्वाडेलूप बेटांवरच्या खारफुटीत सापडलेला ‘थायोमार्गारिटा मॅग्निफिका’ हा जीवाणू सेंटिमीटरभर लांब वाढतो आणि डोळ्यांना सरळ दिसतो. २०२२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, तेव्हा आम्ही शिकवणारेही थक्क झालो होतो.

सूक्ष्मजीव पहिल्यांदा कोणी पाहिले?

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेवेनहूक याने. स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून त्याने पाण्याचा थेंब पाहिला आणि १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याचं सविस्तर पत्र लिहिलं. पुढे स्वतःच्या दातांवरचं कीटणही त्याने भिंगाखाली धरलं.

आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी यांतला फरक इतका महत्त्वाचा का?

आदिकेंद्रकी पेशीत डीएनएभोवती पटल नसतं, म्हणजे वेगळं केंद्रक नसतं. जीवाणू आणि आर्किया या गटात येतात. दृश्यकेंद्रकी पेशीत पटलाने वेढलेलं केंद्रक आणि तंतुकणिकांसारखी अंगकं असतात. कवकं, आदिजीव, शैवालं, वनस्पती, प्राणी आणि अर्थातच आपण, सगळे या गटातले.

परीक्षेत एवढं लिहून गुण मिळतात, पण खरी मेख पुढे आहे. जीवाणूंचे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे पेशीतले कण, ७०एस प्रकारचे, तर आपल्या पेशीद्रवातले ८०एस (‘एस’ हे कण द्रवात किती वेगाने तळाशी जातो, याचं एकक). जीवाणूंच्या पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकन असतं. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही. जीवाणूत जे आहे आणि आपल्यात नाही, किंवा जे आपल्यात वेगळं आहे, नेमकं तिथेच औषधाने घाव घालायचा. याला निवडक विषारीपणा म्हणतात. बुरशी आणि आदिजीव मात्र आपल्यासारखेच दृश्यकेंद्रकी असल्याने घाव घालायला वेगळी जागा कमी सापडते. बुरशीवरची काही औषधं शरीराला जड का जातात, याचं उत्तर इथेच आहे.

पाच सृष्टी खऱ्या की तीन डोमेन?

रॉबर्ट व्हिटाकर यांनी १९६९ साली मोनेरा, प्रोटिस्टा, कवकं, वनस्पती आणि प्राणी अशी पाच सृष्टींची मांडणी केली. पेशी कशी आहे, एकपेशीय की बहुपेशीय, अन्न कसं मिळवते, हे त्यांचे निकष होते. शाळेत आपण हीच शिकतो आणि ओळख म्हणून ती चांगली आहे.

कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली वेगळी वाट धरली. प्रत्येक पेशीत रायबोसोम असतातच. तेव्हा त्यांतल्या आरएनएचा क्रम ताडून नातं ठरवावं, असा त्यांचा विचार होता. जीवाणूंच्या बाबतीत हा रेणू म्हणजे १६एस आरआरएनए. या तुलनेत असं दिसलं की मोनेरात ढकललेले काही सूक्ष्मजीव जीवाणू नाहीतच. तोच आर्कियांचा गट. १९९० साली बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया अशी तीन डोमेनची, म्हणजे सृष्टीच्याही वरच्या गटांची, मांडणी पुढे आली. आज संशोधनात हीच वापरली जाते.

आर्किया म्हटलं की मुलांना कुठल्यातरी परदेशातले उकळते झरे आठवतात. आपलं बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर आठवावं. त्याचं पाणी खारं आणि इतकं अल्कधर्मी आहे की सामू १०च्या आसपास जातो. जून २०२० मध्ये हे पाणी अचानक गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि हा रंग मीठप्रिय आर्कियांमुळे, म्हणजे हॅलोआर्कियांमुळे आल्याचं सांगितलं. पाणी आटून खारटपणा वाढला, या जीवांना पोषक स्थिती मिळाली आणि त्यांच्या पेशींतल्या गुलाबी रंगद्रव्याने सरोवर रंगलं.

जाती, प्रजाती आणि स्ट्रेन यांत गोंधळ होतो. फरक काय?

वर्गीकरणाची उतरंड सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी येते. वैज्ञानिक नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. ‘एशरिकिया कोलाय’ यात एशरिकिया ही प्रजाती. थिओडोर एशरिक या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली हा जीवाणू वर्णिला, त्याचं हे नाव. रोमन लिपीत छापताना दोन्ही शब्द तिरपे आणि फक्त पहिल्याचं आद्याक्षर मोठं.

स्ट्रेन म्हणजे त्या जातीतला एक विशिष्ट वंश. हा भेद किती मोठा असू शकतो बघा: ई. कोलायचे असंख्य स्ट्रेन आपल्या आतड्यात सुखाने राहतात, पण ओ१५७:एच७ नावाचा स्ट्रेन रक्ती हगवण लावतो आणि लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. त्यामुळे ‘ई. कोलाय सापडला’ एवढ्यावर घाबरूही नये आणि निश्चिंतही होऊ नये. तो कुठे सापडला, कोणता सापडला, हे विचारावं.

जीवाणूची नवी जाती जाहीर करायची तर तिचा जिवंत टाइप स्ट्रेन, म्हणजे त्या जातीचा प्रमाण नमुना, दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो. असे मोठे संग्रह पुण्यात आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र ही दोन नावं या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने माहीत करून घ्यावीत.

जीवाणूंचे आकार किती प्रकारचे?

गोल ते गोलाणू, काठीसारखे ते दंडाणू, स्वल्पविरामासारखे ते व्हिब्रिओ आणि पीळदार ते स्पायरिलम किंवा स्पायरोकीट. गोलाणू साखळीत असले तर स्ट्रेप्टो, घोसात असले तर स्टॅफिलो. आकारावरून ओळखीची सुरुवात होते, ओळख पक्की होत नाही.

ग्रॅम स्टेन म्हणजे काय? रिपोर्टमध्ये ‘ग्रॅम निगेटिव्ह’ लिहिलंय, म्हणजे जंतू नाहीत ना?

हा गैरसमज फार लोकांचा होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. ‘ग्रॅम निगेटिव्ह’ म्हणजे जंतू नाहीत असं नव्हे. जंतू आहेत आणि ते एका विशिष्ट गटातले आहेत, असा त्याचा अर्थ.

हान्स क्रिस्टियन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ साली बर्लिनमध्ये ही रंगपद्धत शोधली. काचपट्टीवर नमुन्याचा पातळ थर पसरून, वाळवून, आचेवरून फिरवून पक्का करायचा. आधी क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन. त्यानंतर अल्कोहोलने धुवायचं आणि शेवटी सॅफ्रानिन. जाड पेप्टिडोग्लायकन असलेले जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात. ते ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांचा हा थर पातळ असतो आणि त्यावर आणखी एक बाह्य पटल असतं, त्यांचा जांभळा रंग अल्कोहोलने निघून जातो आणि ते सॅफ्रानिनचा गुलाबी रंग घेतात. ते ग्रॅम निगेटिव्ह.

सगळी परीक्षा अल्कोहोलच्या पायरीवर असते. जास्त वेळ धुतलं तर जांभळेही गुलाबी होतात, कमी धुतलं तर उलट. कल्चर जुनं झालं असेल तरी ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणू रंग सोडतात. प्रॅक्टिकलला पट्टी बिघडली तर आधी या दोन गोष्टी तपासा.

आणि हे बाह्य पटल म्हणजे नुसती रंगाची गंमत नाही. व्हँकोमायसिनचा रेणू मोठा असल्याने तो या पटलातून आत शिरूच शकत नाही, म्हणून हे औषध ग्रॅम निगेटिव्ह जीवाणूंवर निरुपयोगी ठरतं. याच पटलातला लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे मेद आणि शर्करा जोडलेला रेणू, रक्तात सुटला तर ताप, रक्तदाब कोसळणं असे गंभीर परिणाम होतात. रक्ताच्या कल्चरमध्ये काही वाढलं की प्रयोगशाळा पूर्ण ओळख पटायची वाट न बघता ग्रॅम स्टेनचा निकाल डॉक्टरांना फोनवर कळवते, ते यासाठीच. पाच-दहा मिनिटांची ही तपासणी आजही रुग्णाचा जीव वाचवते.

मग क्षयरोगाच्या थुंकीला ग्रॅम स्टेन का करत नाहीत?

क्षयाच्या जीवाणूची भित्तिका मायकोलिक आम्लाने मेणचट झालेली असते आणि नेहमीचे रंग तिच्यात नीट शिरत नाहीत. त्यासाठी झील-नील्सन पद्धत आहे: कार्बोल फुक्सिन ओतून खालून उष्णता द्यायची, मग आम्लाने धुवायचं. इतर पेशींचा रंग निघतो, क्षयाचे दंडाणू लालच राहतात. म्हणून त्यांना आम्लरोधी म्हणतात आणि रिपोर्टवर ‘एएफबी’ (ॲसिड-फास्ट बॅसिलाय, म्हणजे आम्लरोधी दंडाणू) असं लिहिलेलं असतं.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी हा जीवाणू जाहीर केला. जागतिक क्षयरोग दिन त्याच तारखेला असतो. याची एक पेशी दुप्पट व्हायला १५ ते २० तास लागतात, त्यामुळे कल्चरचा निकाल आठवड्यांनी मोजावा लागतो. सीबीनॅट ही चाचणी जीवाणूचा डीएनए शोधते आणि रिफॅम्पिसिन हे औषध लागू पडेल का, हेही सुमारे दोन तासांत सांगते.

कल्चर, कॉलनी, शुद्ध कल्चर म्हणजे?

पोषक माध्यमावर सूक्ष्मजीव वाढवणं म्हणजे कल्चर. घट्ट माध्यमावर एका पेशीपासून वाढून डोळ्यांना दिसणारा ठिपका म्हणजे कॉलनी. एकाच प्रकारच्या जीवाणूची वाढ असेल तर ते शुद्ध कल्चर. माध्यम घट्ट करायला अगार वापरावं, ही सूचना कॉख यांच्या प्रयोगशाळेतल्या वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांची. त्यांना याचं श्रेय फार उशिरा मिळालं. मी वर्गात पेट्री डिशवाल्या पेट्रीच्या आधी त्यांचं नाव घेते.

वाढीचा हिशोब एकदा कागदावर करून बघा. ई. कोलाय पोषक स्थितीत २० मिनिटांनी दुप्पट होतो. तासाला तीन वेळा, म्हणजे सात तासांत २१ वेळा. एका पेशीच्या सुमारे २१ लाख पेशी होतात. उन्हाळ्यात डब्यातली उसळ दुपारपर्यंत का विटते, ते यावरून कळेल.

उकळलं की सगळे जंतू मरतात ना?

बहुतेक मरतात, सगळे नाहीत. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम यांसारखे काही जीवाणू प्रतिकूल काळात अंतर्बीजाणू तयार करतात. कमी पाणी आणि जाड आवरणं यांमुळे हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. धनुर्वाताच्या जीवाणूचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं पडून असतात. एका पेशीपासून एकच अंतर्बीजाणू होतो, म्हणून हे प्रजनन नव्हे. बुरशीचे बीजाणू मात्र प्रजननासाठीच असतात. हा फरक परीक्षेत हमखास चुकतो.

बीजाणूंसह सगळं मारायचं तर ऑटोक्लेव्ह लागतो: १५ पौंड दाबाखाली १२१ अंश सेल्सिअस तापमान, किमान १५ मिनिटं. घरचा कुकर याच तत्त्वावर चालतो.

स्टरिलायझेशन, डिसइन्फेक्शन, अँटिसेप्टिक आणि पाश्चरायझेशन हे एकच का?

नाही. स्टरिलायझेशनमध्ये बीजाणूंसकट काहीच जिवंत उरत नाही. डिसइन्फेक्शन निर्जीव पृष्ठभागावर करतात आणि त्यात बीजाणू उरू शकतात. अँटिसेप्टिक कातडीवर किंवा जखमेवर लावायचं. पाश्चरायझेशनमध्ये दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात. रोगजंतू मरतात, पण दूध निर्जंतुक होत नाही. म्हणूनच पिशवीतलं दूधही थंड ठेवावं लागतं.

अल्कोहोल ७० टक्केच का, हेही नेहमी विचारलं जातं. प्रथिनांची घडी मोडायला पाणी लागतं. शुद्ध अल्कोहोल लगेच उडून जातं आणि त्यात पाणी नसल्याने काम अर्धवट राहतं.

विषाणू सजीव की निर्जीव?

पेशीबाहेर तो श्वास घेत नाही, वाढत नाही, त्याचा स्वतःचा रायबोसोम नसतो. पेशीत शिरला की तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती करून घेतो. तंबाखूच्या पानांवरचा मोझॅक रोग जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होतो, हे दिमित्री इव्हानोव्स्की यांनी १८९२ साली दाखवलं. १८९८ साली मार्टिनस बायेरिंक यांनी हा वेगळाच संसर्गकारक असल्याचं ठामपणे मांडलं. १९३५ साली वेंडेल स्टॅनली यांनी त्याचे चक्क स्फटिक बनवले, आणि ते स्फटिक पानावर चोळले की रोग पुन्हा होत असे. माझ्या मते ‘सजीव की निर्जीव’ यावर वाद घालण्यापेक्षा ‘स्वतःचं यंत्र नसलेला परजीवी’ ही ओळख जास्त उपयोगाची आहे, कारण औषधांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातून निघतं.

विषाणूंचं वर्गीकरण कशावरून करतात?

जनुकीय द्रव्य डीएनए की आरएनए, एकसरी की दुहेरी, त्यापासून संदेशवाहक आरएनए कसा तयार होतो, यावरून डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ साली केलेली मांडणी सर्वत्र वापरतात. आज तिच्यात सात गट आहेत. एचआयव्ही आरएनएवरून उलटा डीएनए बनवतो, म्हणून त्याचा गट वेगळा. त्याशिवाय प्रथिनांच्या कवचाचा, म्हणजे कॅप्सिडचा आकार आणि त्यावर मेदाचं आवरण आहे की नाही, हेही बघतात.

हे आवरण फार कामाचं आहे. कोरोना, इन्फ्लुएन्झा यांचं मेदाचं आवरण साबणाने विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. उलट्या-जुलाब लावणाऱ्या नोरोव्हायरसला असं आवरण नाही. त्याच्यावर हँड सॅनिटायझर पुरेसा पडत नाही, साबण-पाण्याने हात चोळून धुवावे लागतात.

महाराष्ट्रात विषाणूंवर काम कुठे होतं?

पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा तिथला नवा विषाणू याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी शोधला. गोचिडीतून पसरणारा हा माकडताप पुढे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागातही आला. काजूच्या बागांत, रानात जाणाऱ्यांनी अंग झाकून जावं, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावं.

व्हायरॉइड आणि प्रिऑन म्हणजे काय?

व्हायरॉइड म्हणजे कवच नसलेला, नुसता आरएनएचा लहानसा गोल तुकडा. तो वनस्पतींना रोग लावतो. प्रिऑन म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन, ज्यात डीएनएही नाही आणि आरएनएही नाही. ते सामान्य प्रथिनाला स्वतःसारखं वळण लावतं आणि मेंदूची झीज होते. स्टॅनली प्रुसिनर यांना यासाठी १९९७ चं नोबेल मिळालं.

अँटिबायोटिक आणि अँटिमायक्रोबियल यांत फरक आहे का?

अँटिमायक्रोबियल हा मोठा गट. जीवाणूंवरची प्रतिजैविकं, विषाणूरोधी, बुरशीरोधी आणि आदिजीवांवरची औषधं सगळी त्यात येतात. आपण दवाखान्यात ज्याला अँटिबायोटिक म्हणतो, ते जीवाणूंवरचं औषध.

प्रतिजैविकं जीवाणूला मारतात तरी कशी?

पेप्टिडोग्लायकनची वीण बाजेच्या विणीसारखी आडवी-उभी गुंफलेली असते. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधं ही गुंफण पुरी होऊ देत नाहीत. पेशी वाढत राहते, भित्तिका साथ देत नाही आणि पेशी फुटते. आता एक साधा प्रश्न स्वतःला विचारा: मायकोप्लाझ्मा या जीवाणूला भित्तिकाच नसते, त्याच्यावर पेनिसिलिन चालेल का? नाही चालणार. तिथे ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं, जीवाणूचा रायबोसोम अडवणारं औषध लागतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन डीएनएचा पीळ सोडवणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतं, रिफॅम्पिसिन आरएनए बनू देत नाही, सल्फा औषधं फॉलिक आम्लाची निर्मिती रोखतात. जीवाणूला ते स्वतः बनवावं लागतं. आपल्याला ते अन्नातून मिळतं, म्हणून आपण वाचतो.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लंडनमध्ये बुरशीभोवती जीवाणू विरघळलेले पाहिले, पण औषध घडवलं ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी. आपल्याकडे पेनिसिलिन बनवण्यासाठी १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथल्या शास्त्रज्ञांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. ते ज्या जीवाणूपासून मिळालं, त्याचं नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. पिंपरी-चिंचवडच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात.

सर्दी-पडशाला अँटिबायोटिक का देऊ नये?

वरचं वाचलं असेल तर उत्तर तुम्हीच द्याल. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. विषाणूला भित्तिका नाही, रायबोसोम नाही. औषधाने घाव घालायचा कुठे? उलट आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि जुलाब लागतात.

मग विषाणूंवर औषधंच नाहीत का?

आहेत, पण प्रत्येक औषध थोड्याच विषाणूंवर चालतं. नागिणीवरचं ॲसायक्लोव्हिर विषाणूच्याच विकराने पेशीत कार्यान्वित होतं, म्हणून निरोगी पेशींना त्याचा त्रास कमी. इन्फ्लुएन्झावरचं ओसेल्टामिव्हिर नव्या विषाणूंना पेशीपासून सुटू देत नाही. ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोग होतो. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो. एचआयव्ही पूर्ण जात नाही, पण रोजच्या औषधाने तो दबून राहतो आणि माणूस दीर्घ आयुष्य जगतो.

बुरशीवर कोणतीही अँटिफंगल चालते का?

नाही, आणि ही चूक महागात पडते. बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पटलात कोलेस्टेरॉल. या फरकावर बरीच बुरशीरोधी औषधं उभी आहेत. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, म्हणजे म्युकर गटातल्या बुरशीचा आजार, वाढला. मधुमेह आणि स्टेरॉइड एकत्र आलेले रुग्ण त्यात जास्त होते. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवर चालणारं व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही, तिथे ॲम्फोटेरिसिन बी लागतं. दोघांमधला फरक सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो: म्युकरचे तंतू रुंद, जवळपास पडदे नसलेले आणि काटकोनात फुटलेले, ॲस्परजिलसचे अरुंद, पडदेदार आणि लघुकोनात फुटलेले. काचपट्टीवरच्या त्या एका नजरेवर औषध ठरत होतं.

गजकर्णाचंही तसंच. स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावली की खाज लगेच थांबते, पण बुरशी पसरत राहते. नेहमीच्या टर्बिनाफिनला न जुमानणारी ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ ही बुरशी आज भारतात मोठ्या प्रमाणावर आढळते. दुकानातून मलम आणून लावू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट कसा वाचायचा?

वरती जीवाणूचं नाव असतं, खाली औषधांची यादी आणि पुढे एस, आय किंवा आर. एस म्हणजे नेहमीच्या मात्रेत औषध चालेल. आर म्हणजे चालणार नाही. आय म्हणजे मात्रा वाढवून, किंवा औषध जिथे साठतं अशा जागी, उदाहरणार्थ लघवीत, चालू शकेल.

काही रिपोर्टवर एमआयसीचा आकडा असतो. जीवाणूची दिसणारी वाढ थांबवणारं औषधाचं ते सर्वांत कमी प्रमाण. इथे पुष्कळ जण फसतात: दोन वेगळ्या औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून ‘लहान आकडा म्हणजे चांगलं औषध’ असं ठरवतात. तसं करता येत नाही. प्रत्येक औषधाची मर्यादारेषा वेगळी असते आणि आकडा त्याच रेषेशी ताडायचा असतो.

नमुना शक्यतो औषधाचा पहिला डोस घेण्याआधी द्या. लघवीचा नमुना जागा स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधल्या धारेचा घ्या आणि लवकर प्रयोगशाळेत पोचवा. तासन्‌तास बाहेर राहिला तर कातडीवरचे जीवाणू त्यात वाढतात आणि रिपोर्ट दिशाभूल करतो.

‘माझ्या शरीराला अँटिबायोटिकची सवय झाली’ हे बरोबर आहे का?

नाही. प्रतिरोध शरीराला येत नाही, जीवाणूला येतो. त्यामुळे ज्याने आयुष्यात कधी ते औषध घेतलं नाही, त्यालाही प्रतिरोधी जीवाणूचा संसर्ग होऊ शकतो.

काही जीवाणू औषध तोडणारं विकर बनवतात, काही औषध बाहेर फेकणारे पंप चालवतात, काही घावाची जागाच बदलतात. ही युक्ती ज्या जनुकात असते, ते बरेचदा प्लास्मिड नावाच्या लहान डीएनए कड्यावर असतं आणि एका जातीकडून दुसऱ्या जातीकडेही जातं. एनडीएम हे विकर कार्बापेनेमसारखी राखीव औषधं तोडतं. मग कोलिस्टिनकडे वळावं लागतं, जे मूत्रपिंडांना त्रासदायक आहे. याच कोलिस्टिनचा कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यातला वापर भारत सरकारने २०१९ साली बंद केला. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो. त्याच २०१९ सालात जगभर प्रतिरोधी जीवाणूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा अंदाज १२ लाख ७० हजार इतका आहे.

बरं वाटलं की गोळ्या थांबवल्या तर चालतं का?

स्वतःच्या मनाने नाही. काही संसर्गांत आता पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा उपचार पुरतो असं सिद्ध झालंय, पण किती दिवस हे डॉक्टर ठरवतात. क्षयरोगात तर औषधं महिनोन्‌महिने घ्यावीच लागतात. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्हींना न जुमानणारा क्षय म्हणजे एमडीआर टीबी. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी ठेवू नका आणि शेजारच्यांना देऊ नका.

लस हेही अँटिमायक्रोबियलच ना?

नाही. लस जंतूला मारत नाही. ती आपल्या प्रतिकारशक्तीला आधीच तयार करते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगचे जीवाणू वाढवून, उष्णतेने मारून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. लसीमुळे आजारच कमी झाले, तर प्रतिजैविकं कमी लागतात, हा तिचा अप्रत्यक्ष फायदा.

विषाणू वापरून जीवाणू मारता येतात, हे खरं का?

खरं आहे. जीवाणूंना लागण करणारे विषाणू म्हणजे बॅक्टेरिओफाज. अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ साली गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जीवाणू मरतात, पण पाणी उकळलं तर हा गुण जातो, असं नोंदवलं होतं. फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ साली आणि फेलिक्स द’हेरेल यांनी १९१७ साली फाज प्रत्यक्ष दाखवले. द’हेरेल १९२० च्या दशकात पटकीवर फाज वापरून बघायला भारतातही आले होते. प्रतिजैविकं आल्यावर बहुतेक देशांनी हा मार्ग सोडला, पण जॉर्जियातल्या तिबिलिसीत तो चालू राहिला. आता प्रतिरोधी संसर्गांसाठी त्याकडे पुन्हा लक्ष वळलं आहे.

अडचण अशी की एक फाज बहुधा एका जातीतल्या काही स्ट्रेनवरच चालतो. म्हणून रुग्णाच्या नमुन्यातून जीवाणू वेगळा करतात, अगारच्या प्लेटवर त्याचा सलग थर वाढवतात आणि संग्रहातल्या फाजांचे थेंब त्यावर टाकतात. ज्या थेंबाखाली स्वच्छ वर्तुळ दिसतं, तो फाज उपचारासाठी निवडतात.